मांडणीतलं गहाण

रहाटणीतल्या आमच्या बालवाडीच्या फाटकाशी नवा पालक आला की मालनबाई त्याला आधी नावगाव विचारायच्या नाहीत. कमरेवर हात ठेवायच्या, चष्म्याच्या वरून त्याला न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "काय ठिवताय?"

माणूस गडबडून जायचा. एकदा एकाने घाईघाईने पाकीट काढलं.

"पैसं नगंत. तुमचं सोताचं काय तरी ठिवा. रुमाल, कंगवा, काय बी. पोराजवळ गहाण ठिवायचं आन् मग कामाला जायचं. सांजच्याला येऊन सोडवून न्यायचं."

माणूस आम्हा शिक्षिकांकडे बघायचा, आम्ही मान डोलवायचो. मग तो खिशातून मळका रुमाल काढायचा आणि रडणाऱ्या पोराच्या हातात द्यायचा. पोर रुमाल धरून आणखी जोरात रडायचं. आठवडाभरात मात्र तेच पोर फाटकात अडून बसायचं, "आधी ठेव, मग जा."

बालवाडीच्या दोन खोल्यांत पूर्वी किराणा दुकान होतं. दुकान उठलं, पण भिंतीतली कडप्प्याची मांडणी तशीच राहिली. तिच्या खालच्या रांगांतला एकेक खण एकेका मुलाचा. खणावर नाव नाही, चित्र. कुणाचा मासा, कुणाची बस, कुणाचं वांगं. ज्या खणात पूर्वी साबणाच्या वड्या आणि उदबत्त्या असायच्या, तिथे आता आईबापांची गहाणं असायची. केसांच्या पिना, डब्यातला चमचा, एक हातमोजा. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या एका आईने कानातले इअरफोन ठेवले होते, ते तिच्या लेकीने दुपारपर्यंत चघळून ठेवले. एका बापाने घाईघाईत मोटारसायकलची किल्लीच ठेवली आणि दोन मिनिटांनी हेल्मेट घालून परत आला. मुलगा किल्ली द्यायला तयार नाही. "तू संध्याकाळी सोडवायची." बाई हसू दाबत आत निघून गेल्या. शेवटी त्याने पट्टा काढून ठेवला आणि दिवसभर पँट सावरत काम केलं असणार.

बाईंनी हे कुठून आणलं, मला ठाऊक नाही. बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांनी तरुणपणी रीतसर घेतलं होतं, पण त्यात गहाणाचा धडा असेल असं वाटत नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमी शेतकरी माणसं. गहाण ठिवलेलं माणूस इसरत न्हाई." त्यांच्या सासरची जमीन आता इमारतींखाली गेली होती, पण बोलण्यातून शेत गेलं नव्हतं. बाई फाटकाबाहेर शेवटच्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. परत आल्या नाहीत.

मी लातूरकडची. नवऱ्याला चाकणच्या कंपनीत काम लागलं म्हणून इकडे आले आणि बाईंच्या हाताखाली लागले. माझं नाव सुनीता, पण पहिलं वर्षभर मी 'लातूरकरीण' होते. मी 'का'ऐवजी "कामून?" म्हटलं की त्या मुलांना सांगायच्या, "बाई काय म्हंत्यात बगा. कामून! आता समदी म्हणा कामून." तीस पोरं "कामून" करत माझ्याभोवती नाचायची. मला राग यायचा आणि राग टिकायचा नाही.

त्यांच्यात दोष पुष्कळ होते. गळा असा की बडबडगीत त्यांनी सुरू केलं की मुलं गोंधळून माझ्याकडे बघायची. पाल दिसली की सगळं शिक्षणशास्त्र बाजूला ठेवून बाकावर चढायच्या. चहा मोठ्या स्टीलच्या पेल्यात लागायचा आणि तो कुणी गार होऊ दिला तर दिवसभर अबोला. डाव्या मनगटावर दिवंगत नवऱ्याचं पुरुषी घड्याळ, जाड चामडी पट्ट्याचं. त्यात बघायच्या सारखं, पण ते घड्याळ नेहमी पुढे असायचं आणि त्या ते कधी नीट लावायच्या नाहीत.

मुलांना मात्र त्या घड्याळातली वेळ कधी सांगायच्या नाहीत. पालकांनाही सांगू द्यायच्या नाहीत. फाटकात 'लगेच येते', 'आलोच' या शब्दांना बंदी होती. "लगीच म्हंजी कवा? पोरगं लगीच वाट बगायला लागतं, आन् तुमी सांजच्याला येता." मग काय सांगायचं? खिचडी खाऊन, गोष्ट ऐकून, चपला घातल्या की आई. झोपून उठून, दूध पिऊन झालं की बाबा. तीन वर्षांच्या पोराला साडेबारा कळत नाहीत, पण खिचडी कळते. आणि सांगितलं तसं यायचंच. उशीर होणार असेल तर बालवाडीत फोन करायचा, मग बाई तो मुलाच्या कानाला लावायच्या.

एक बाप होता, रडारड नको म्हणून मुलगा खेळात रमला की गुपचूप सटकायचा. पुष्कळ घरांत हेच शहाणपण समजतात. बाईंनी त्याला एकदा जाताना पाहिलं. पदर खोचला आणि निघाल्या मागे. वडापावच्या गाडीपाशी त्याला गाठलं. कंपनीची बस समोर उभी, मित्र खिडकीतून हाका मारतायत.

"चोरावानी पळताय व्हय? सोताच्या पोराला भिऊन?"

"बाई, बस सुटंल."

"सुटू दे. बस उद्या बी येती. पोराचा इस्वास उद्या येत न्हाई."

बस सुटली. तो परत आला, मुलाच्या समोर उकिडवा बसला, "मी कंपनीत जातोय, तू दूध पिलास की येतो" म्हणाला. मुलाने अपेक्षेप्रमाणे भोकाड पसरलं. बाई म्हणाल्या, "रडू दे. हे रडणं बरं. फसवल्यावरचं रडणं वायलं असतंय." तो नंतर रिक्षाने कंपनीत गेला. वर्षाच्या शेवटी पेढे घेऊन आला तो हाच बाप.

फाटकापासून आत आलं की बाईंची दुसरी शिस्त सुरू व्हायची. ती आम्हा शिक्षिकांसाठी होती. बालवाडीत मूल स्वतःची चप्पल स्वतः घालणार, बटण स्वतः लावणार, सांडलेलं पाणी स्वतः पुसणार. आम्ही मदत करायची नाही. ऐकायला सोपं आहे. समोर एक पोर डाव्या पायात उजवी चप्पल कोंबतंय, जीभ बाहेर, कपाळाला घाम, आणि आपण बघत बसायचं. हात आपोआप पुढे जातो. माझा पहिल्याच दिवशी गेला.

"हातावर बस," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हातावर बस. अशी." आणि त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसल्या. "माझं बी ऱ्हात न्हाईत. म्हून बसते."

मग आम्ही दोघी सतरंजीवर हातांवर बसून चपलेचा तो सगळा सोहळा बघितला. चप्पल एकदाची पायात गेली तेव्हा ते पोर आमच्याकडे बघून असं हसलं की मला माझ्या हातांची लाज वाटली. पुढे हाताला मुंग्या येईपर्यंत बसायची सवय झाली.

हे पालकांना पटवणं अवघड. आमच्या भागात सगळ्यांना घाई. कुणाच्या चुलतभावाचा मुलगा शंभरपर्यंत लिहितो, कुणाची भाची इंग्रजी कविता म्हणते, आणि आमच्याकडे पोरं मटार सोलतायत, मणी ओवतायत, कणकेचे साप करतायत. एका सभेत इन केलेला शर्ट घातलेला एक बाप उठला आणि म्हणाला, "मॅडम, लिहायला कधी शिकवणार? फी आम्ही मटार सोलायची भरतो का?" सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांनी त्याच्या मुलाला हाक मारली आणि बापाच्या बाहीचं बटण काढून त्याला ते परत लावायला सांगितलं. सभा थांबली. मुलगा बटण धरतोय, काज सापडत नाही, सापडलं तर बटण निसटतंय. बापाचा हात दोनदा पुढे आला, बाईंनी दोनदा मान हलवली. शेवटी बटण बसलं. "ह्याच बोटांनी ल्ह्यायचं हाय," बाई म्हणाल्या. "आधी बोटं, मग पेन्शिल." बापाला पटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी त्याने मुलगा दुसरीकडे घातला. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी पेन्सिल काढली नाही.

मात्र एकदा बाईंच्या मांडणीनेच त्यांना अडचणीत आणलं. त्याआधी त्यांना हरलेलं मी पाहिलं नव्हतं.

स्वरा नावाची मुलगी होती, वांग्याच्या खणाची. आई रेखा घरी साड्यांना फॉल-पिको करायची, बाप संतोष चाकणला कामाला. मूळचे परभणीकडचे. रेखा रोज सकाळी फाटकात आपल्या केसांतला निळा क्लचर काढायची, मोकळे केस हाताने गुंडाळायची आणि स्वराला म्हणायची, "खिचडी झाली की येते." स्वरा क्लचर खणात ठेवायची आणि वळूनही बघायची नाही.

एका सकाळी रेखाचं अंग तापलं होतं. मी म्हणाले, डॉक्टरकडे जा. म्हणाली, जाते, हिला सोडून. दुपारी स्वराला न्यायला शेजारीण आली. रेखाला दवाखान्यात ठेवलं होतं. बाईंचा नियम असा की ज्याने गहाण ठेवलं त्यानेच सोडवायचं. म्हणून शेजारणीने मुलगी नेली, आणि क्लचर खणातच राहिला. आठवड्याच्या आत रेखा गेली. तापातच गेली.

काही दिवसांनी संतोषची बहीण स्वराला घेऊन आली. फाटकात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "लेकराला सांगितलेलं नाई. आई मामाच्या गावाला गेली म्हणून सांगितलंय. तुमी बी तसंच म्हणा."

तोवर स्वरा आत पळाली होती, थेट मांडणीपाशी. खणात वाकून तिने बघितलं. "आहे," म्हणाली आणि निश्चिंत होऊन खेळायला गेली.

खिचडी झाली की ती मांडणीखाली येऊन बसायची. फाटकाची कडी वाजली की मान वर. दुसऱ्या मुलांना सांगायची, "माझी आई येणारे. तिचा क्लचर इथंच आहे." आईबाप येऊन आपापलं सोडवून न्यायचे, वांग्याचा खण तेवढा भरलेला राहायचा. मला ते बघवायचं नाही. बाईंचा चहा पेल्यात गार व्हायला लागला आणि त्यांनी कुणाला बोल लावला नाही, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

"सुनीता, माझी मांडणी खोटं बोलायला लागली गं," एका दुपारी त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी पोरास्नी सांगितलं, वस्तू हाय म्हंजी माणूस येणार. आता काय करू?"

मी म्हणाले, क्लचर गुपचूप काढून टाकू.

"आन् उद्या तिनं इचारलं, कुनी सोडवला, तर काय सांगू? आई येऊन गेली, तुला न भेटता?"

त्याच संध्याकाळी आम्ही संतोषच्या घरी गेलो. शिलाई मशीन चादरीने झाकून ठेवलं होतं. आत्याचं म्हणणं सरळ होतं. "एवढ्याशा लेकराला काय कळतंय? मोठी झाली की आपोआप कळंल."

"कळत न्हाई म्हूनच ती रोज फाटकाकडं बगतीया," बाई म्हणाल्या. "आज न्हाई सांगितलं तर ती वाट बगत ऱ्हाणार. आन् कळंल तवा कुणावर बी इस्वास ठिवायची न्हाई. तुमच्यावर न्हाई, माझ्यावर न्हाई."

संतोष खाली बघत होता. "बाई, तुमीच सांगा ना. माझ्या तोंडातून शब्द निघणार नाई."

बाईंना ते सहज जमलं असतं. त्यांनी मान हलवली. "न्हाई. ती तुमची लेक हाय. तुमीच सांगायचं. मी शेजारी बसते. आन् एक करा. देवाघरी गेली म्हणू नगा, झोपली म्हणू नगा. गेलेलं माणूस येतं, झोपलेलं उठतं. तिला मी तसंच शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं गेल्यावर संतोष आला. कंपनीच्या गणवेशातच होता. सतरंजीवर स्वरा मणी ओवत होती, तिच्यासमोर तो बसला. बाई बाजूला बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी दारात उभी होते.

त्याने "स्वरा" म्हटलं आणि थांबला. पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबला. बाईंचे खांदे हलत होते, पण त्या हातांवरून उठल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग तो म्हणाला, "आई आजारी होती. लई आजारी. डॉक्टरनी औषध दिलं, पण ती बरी झाली नाई. आई मेली, बाळा. आता ती येणार नाई."

स्वराने विचारलं, "खिचडी झाल्यावर पण?"

"खिचडी झाल्यावर पण नाई."

तिने मणी खाली ठेवले आणि मांडणीकडे बघितलं. "मग तिचं गहाण?"

संतोषने बाईंकडे पाहिलं. बाईंनी एक हात मोकळा केला आणि डोळे पुसले. "आता ते गहाण न्हाई, बाळा. गहाण सोडवायला येत्यात. हे आता दिलं. आईनं तुला दिलं."

स्वरा उठली, खणातून क्लचर काढला, उघडला, मिटला. तिच्या आखूड केसांत तो राहीना, तेव्हा तिने तो फ्रॉकच्या गळ्याला लावला. मग पाणी मागितलं. ती त्या दिवशी रडली नाही. पुढे कधीतरी मण्यांची वाटी तिच्या हातून सांडली आणि त्या मण्यांसाठी ती रडायला लागली ती थांबेचना. सांडलेलं स्वतः उचलायचं, हा आमचा नियम. त्या दिवशी बाईंनी मणी कुणालाच उचलू दिले नाहीत. तिला मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, त्या खिचडी होईपर्यंत बसून राहिल्या.

बाईंनी गहाणाची पद्धत बंद करायचं ठरवलं होतं. "पुन्हा असं व्हायला नगं," एवढंच म्हणाल्या. संतोषने स्वराला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या फाटकात उभ्या राहिल्या पण कुणाला काही विचारलं नाही. पालक उगीच घुटमळत राहिले. संतोष आला, तर स्वरा त्याच्यासमोर आडवी उभी. "बाबा, काय ठेवतो?"

त्याने बाईंकडे बघितलं. बाई आकाशाकडे बघत होत्या. त्याने रुमाल काढून दिला. "दूध पिलीस की येतो." रुमाल वांग्याच्या खणात गेला, आणि मागची रांग आपापले खिसे चाचपू लागली.

पुढच्या वर्षी बाईंना पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. मोठं ऑपरेशन, आणि वयामुळे धोका आहे असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बालवाडी चालवणाऱ्या महिला मंडळाच्या बायकांनी ठरवलं, मुलांना काही कळू द्यायचं नाही. बाई यात्रेला गेल्या म्हणून सांगू, उगीच रडारड नको. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाई भडकल्या. "फाटकात उभं राहून मी जलमभर आईबापास्नी धरलं, आन् आता सोताच पळून जाऊ व्हय?"

शेवटच्या दिवशी त्यांनी मुलांना गोल बसवलं. "उद्यापासनं मी न्हाई. माझ्या छातीत बिघाड झालाय. डॉक्टर छाती उघडून दुरुस्त करणार हायत."

"पान्याने?" एका पोराने विचारलं. बाप फिटर होता त्याचा.

"व्हय, तसलंच काय तरी असंल."

"मग परत येणार?"

"मला म्हाईत न्हाई," बाई म्हणाल्या. "व्हईल बरं तर येईन. न्हाई झालं बरं, तर न्हाई." दोन-तीन मुलं रडली. बाईंनी त्यांना रडू दिलं. मग खिचडी झाली, गोष्ट झाली, बाईंनी आपल्या त्या गळ्याने एक गाणंही म्हटलं आणि मुलं त्यांच्या मागे तसंच बेसूर म्हणाली.

फाटकाबाहेर त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन उभा होता. बाई पिशवी घेऊन निघाल्या, तर फाटकात स्वरा. फ्रॉकच्या गळ्याला निळा क्लचर. तिने हात पुढे केला.

"बाई, काय ठेवता?"

इतकी वर्षं तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंना तो कुणी विचारल्याचं मी तेव्हाच पाहिलं. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली आणि पट्ट्याला हात घातला.

स्वराने त्यांचं मनगट धरलं. "गहाण की दिलं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, गहाण म्हणा, बाई, गहाण म्हणा. एवढंसं लेकरू आहे, तिला काय कळतंय. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या स्वरासमोर फाटकाच्या पायरीवर हळूच टेकल्या.

"दिलं," त्या म्हणाल्या.

स्वराने मान हलवली, तिला समजलं होतं. ती बाईंच्या मनगटावर वाकून पट्टा सोडवू लागली. पट्टा जुना, कडक, आणि तिची बोटं एवढीएवढी. रिक्षापासून मुलगा म्हणाला, "आई, उशीर होतोय. मी काढून देतो तिला."

"थांब," बाई म्हणाल्या. "जमतंय तिला."

मी बाईंच्या शेजारी पायरीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.